गोठ्यातलं लिंबू

मला मोटारसायकल चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मी सोलापुरातून मोटारसायकलींच्या सहली नेते म्हटलं की लोक आधी कौतुकानं बघतात आणि मग "कुठली गाडी आहे तुमची?" असं विचारतात. माझी गाडी नाही. गाडी माझ्या नवऱ्याची, विजयची. मी मागे बसते. माझं काम गाडीवरून उतरल्यावर सुरू होतं, ते म्हणजे डोंगरात मुक्कामाची जागा शोधणं. रस्ता विजय ठरवतो. रस्त्याचे फोटो निघतात, रस्त्याबद्दल मंडळी वर्षभर बोलतात. मुक्कामाबद्दल कुणी बोललंच तर पाणी गरम नव्हतं एवढंच बोलतात.

याआधी मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. बंब, गळकी छपरं, रुसवेफुगवे आणि वेळेवर जेवण यांत माझी उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाले तेव्हा सुटले असं वाटलं होतं. त्याच सुमारास विजयनं स्पेअर पार्टचं दुकान भावाकडं सोपवलं आणि "आपण सहली काढू या" म्हणाला. मुली परवडल्या. त्यांना निदान रागावता तरी येत होतं. पन्नाशीला आलेल्या, स्वतःचे कारखाने असलेल्या, दाढी राखलेल्या पुरुषांना "ओले मोजे गादीवर टाकू नका" हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

हे काम सगळ्यांना फिरायला जाण्याइतकं सोपं वाटतं, म्हणून थोडं समजावून सांगते. चारचाकीतला माणूस हॉटेलात शिरताना खोलीतून दरी दिसते का ते विचारतो. मोटारसायकलवाल्यानं दरी दिवसभर बघितलेलीच असते. त्याला खोलीतून स्वतःची गाडी दिसायला हवी असते. रात्री तीनदा उठून तो पडदा सारून तिच्याकडं बघतो. बायकोकडं एवढ्या वेळा बघितलं असतं तर बऱ्याच घरांतली भांडणं मिटली असती, पण तो माझा विषय नाही.

तर पहिला प्रश्न गाडी कुठं उभी राहणार हा. जड गाडी बाजूच्या एका स्टँडवर तिरकी उभी असते. जमीन ओली आणि मऊ असली की स्टँड हळूहळू रुततो आणि गाडी आडवी होते. ओळीत लावलेली असली तर एकटी पडत नाही, शेजारणीला घेऊन पडते. उतार असला तर आणखी वेगळी तऱ्हा. आम्ही सोलापूरकर सपाटीवरची माणसं. आमच्याकडं गाडी कुठंही लावा, परत याल तेव्हा ती तिथंच असते. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवायची, तिचं तोंड चढाकडं करायचं, हे आमच्या अंगवळणी नाही. प्रत्येक सहलीआधी मी हे घसा कोरडा करून सांगते. सगळे माना डोलावतात. आणि पहिल्याच मुक्कामाला कुणाची तरी गाडी न्यूट्रलमध्ये, तोंड दरीकडं, आणि मालक आत चहा पितोय.

दुसरा प्रश्न शेवटच्या तुकड्याचा. डांबरी रस्ता सोडल्यापासून फाटकापर्यंतची जी वाट जाहिरातीत 'गर्द झाडीतली वळणदार वाट' असते, ती प्रत्यक्षात सुट्या खडीचा उभा चढ निघते. दिवसभर घाट नीट चालवलेला माणूस तिथं, फाटकाच्या चार हातांवर पडतो. तिसरा प्रश्न ओल्या कपड्यांचा. छपराखाली दोरी बांधायला जागा आहे का? चौथा गरम पाण्याचा. पावसाळ्यात डोंगरात सूर्यच दिसत नाही, तिथं सोलरचं पाणी गरम कसं होणार? मी लाकडं घालायचा बंब शोधते. बंब दिसला की मला माहेरी आल्यासारखं वाटतं.

आता हे सगळं मालकांना कळावं ना! हल्ली जो उठतो तो दारात 'बायकर्सचं स्वागत' अशी पाटी लावतो. एका रिसॉर्टच्या मालकांनी मला स्वागतकक्षात भिंतीवर जडवलेलं मोटारसायकलचं चाक दाखवलं. त्यात दिवे सोडलेले. मग पोहण्याचा तलाव, मग फोटो काढायचा झोपाळा. मी म्हटलं, "आणि गाड्या?"

"गाड्या खाली, मॅडम. आमचा माणूस बघतो."

खाली म्हणजे शेतातल्या चिखलात. मी तिथं उभी राहिले तर माझीच चप्पल रुतली.

"इथं काँक्रीट का नाही करत?"

"करू की मॅडम. आधी तलावाला निळे दिवे लावतोय."

आणि आमची मंडळी काय साधी? सोलापुरात टॉवेलचे कारखाने. आमच्या तुकडीत दोघंतिघं त्याच धंद्यातले असतातच. ज्याच्या घरात टॉवेलचे गठ्ठे पडलेले असतात, त्याला टॉवेलची किंमत ती काय वाटणार! सकाळी हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र टॉवेलनं गाडीची चेन पुसतात. काळाकुट्ट झालेला टॉवेल मालकापुढं धरून एकानं वर सांगितलं, "तुमचा माल हलका आहे हो, पुसताना धागा निघतोय. मी पाठवतो चांगले." त्यानं खरंच पाठवले, पण त्या मालकानं आम्हाला पुन्हा दारात उभं केलं नाही. आता मी निघतानाच सगळ्यांना जुने टॉवेल वाटते. ते टॉवेल ते जपून बॅगेत ठेवतात आणि चेन हॉटेलच्याच टॉवेलनं पुसतात.

असो. मला सांगायचंय ते लिंबाचं.

मागे बसून घाट चढताना मला मळमळतं, म्हणून माझ्या पिशवीत दोन-तीन लिंबं कायम असतात. एकदा जागा बघायला गेले असताना पिशवीतून एक लिंबू पडलं आणि अंगणातून घरंगळत थेट गटारापर्यंत गेलं. अंगण डोळ्यांना सपाट दिसत होतं. तेव्हापासून मी तेच करते. नीट गोल लिंबू निवडायचं, जिथं गाड्या लागणार तिथं ठेवायचं आणि मागे सरून बघायचं. थांबलं तर जागा बरी, पळालं तर आपणही पळायचं. विजयच्या मोबाइलमध्ये उतार मोजायची सोय आहे. पण तो मोबाइल जमिनीवर ठेवला की त्याला फोन येतो आणि विजय तो उचलून बोलत बोलत लांब निघून जातो. लिंबाला फोन येत नाहीत.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर साताऱ्याच्या डोंगरात एका वाडीत मला असंच एक घर सापडलं. घर सुषमाचं. सुषमा तिशीतली, बोलकी, कष्टाळू. घरी ती आणि तिची सासू शेवंताबाई, दोघीच. नवरा संतोष मुंबईत एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात नोकरीला. सुषमानं माजघरापलीकडच्या दोन खोल्या स्वच्छ करून घेतल्या होत्या, अंगणाच्या कडेला न्हाणीघर बांधलं होतं, त्यात तांब्याचा बंब! लांबलचक पडवी, दोऱ्या बांधायला खुंट्या तयार. आणि सगळ्यात भारी म्हणजे गोठा. एके काळी तिथं भरपूर जनावरं असायची. आता एका टोकाला एकच म्हैस उरली होती. गोठ्याला मोरीकडं उतार असतोच, पण वैरण रचायची बाजू मोकळी पडली होती आणि तिथला कोबा सपाट वाटत होता. मी लिंबू ठेवलं. लिंबू जागचं हललं नाही. वर पत्रे, तिन्ही बाजूंनी भिंत. इतक्या वर्षांत गाड्यांना असली जागा मी बघितली नव्हती.

मी एवढी हरखले की बंबाचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते बघायला तशीच निघून गेले. लिंबू राहिलं तिथंच.

सोलापूरला पोचून एक दिवस होतो न होतो तोच सुषमाचा फोन.

"काकू, गोठ्यात लिंबू तुमी ठिवलं हुतं का?"

"अगं हो की! विसरलेच. सरबत करून टाक."

"सरबत कुटलं, काकू! आत्यांनी चिमट्यानं उचलून वढ्यात टाकलंय. गोमूत्र शिंपडून गोठा धुतलाय. कालपासनं म्हशीनं दूध चोरलंय."

मी कपाळावर हात मारला. लिंबू कशासाठी होतं ते तिला सांगितलं. तिला पटलं. "मला कळतं ओ, आत्यांना कोण सांगणार?" म्हणाली. मी म्हटलं, दे त्यांना फोन. शेवंताबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे विचारलं, "उतार बगायला लिंबू कशाला लागतंय बाई? घरात गोटी न्हाई व्हय?"

गोटीनं मळमळ थांबत नाही एवढंच मी म्हणू शकले असते.

सासूकडून फोन परत घेऊन सुषमा जे बोलली त्यानं माझा जीव टांगणीला लागला. संतोष आणि तिच्यात ठरलं होतं. पहिली मोठी तुकडी येईल तेव्हा तो रजा काढून येणार, सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. यात जम बसेल असं त्याला वाटलं तर मुंबई सोडून घरी येणार. नाही वाटलं तर सुषमानं खोल्यांना कुलूप लावायचं आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. आणि ती पहिली मोठी तुकडी म्हणजे आम्ही.

"लगीन झाल्यापासनं आमी दोघं एका घरात सलग म्हैनाभर ऱ्हायलेलो न्हाई, काकू," ती म्हणाली. "तुमची मानसं तेवढी नीट वागू द्यात."

माझी माणसं! सुदैवानं म्हशीनं दोन दिवसांत पान्हा सोडला आणि शेवंताबाई निवळल्या. श्रावणातले दोन दिवस ठरले.

बारा गाड्या निघाल्या. आमच्यात सिद्धाराम म्हणून एकजण असतो. मैंदर्गीचा, बी-बियाणांचं दुकान आहे, घरात कानडी, बाजारात मराठी. माणूस दिलदार, गाडीवर हात चांगला, पण देवधर्म आणि दृष्ट-बिष्ट याबाबत कुणाचं ऐकणार नाही. निघायच्या सकाळी तो सगळ्यांच्या हँडलला लिंबू-मिरची बांधतो. डॉक्टर, इंजिनिअर, टॉवेलवाले, सगळे मुकाट्यानं बांधून घेतात. मी दरवर्षी त्यावर नाक मुरडते आणि दरवर्षी कुणी माझ्याकडं लक्ष देत नाही. त्या सकाळी माझ्या डोक्यात पाण्याच्या बाटल्या, औषधं आणि ते जुने टॉवेल होते. हँडलला लोंबणाऱ्या बारा लिंबांकडं माझं ध्यान गेलं नाही.

शेवंताबाईंचं गेलं.

संध्याकाळ व्हायच्या आत, भुरभुर पावसात आम्ही वाडीत पोचलो. सुषमा ताट घेऊन उभी. मागे पँट-शर्टातला, हाताची घडी घातलेला संतोष. आणि फाटकात शेवंताबाई. त्यांनी पहिल्या गाडीकडं बघितलं, दुसरीकडं बघितलं, ओळीच्या टोकापर्यंत नजर टाकली आणि फाटक ओढून घेतलं.

"येकाच्यानं भागलं न्हाई म्हनून आता डझनानं आणलीत व्हय?"

मी उतरून पुढं गेले. "आजी, ते गाडीला बांधलेलं आहे हो. प्रवासात दृष्ट लागू नये म्हणून."

"ते कळतं मला. येवढ्या लांबनं आलासा. समद्या वाटंची दिष्ट त्यात भरून आणली. आन् ती आता माज्या गोठ्यात? म्हशीफुडं?"

सुषमा म्हणाली, "आत्या, पावसात भिजत्यात ती. आत तर येऊ द्या."

"मानसं येऊ द्यात की. लिंबं भाईर."

मी विजयला म्हटलं, सोडा ती लिंबं. विजयनं सिद्धारामकडं बघितलं. सिद्धारामनं हेल्मेट काढलं आणि ठामपणे सांगितलं, "काकू, घाट अजून उतरायचाय उद्या. लिंबू सोडून मी गाडी हलवत न्हाय बगा." बाकीच्यांपैकीही हँडलपाशी कुणाचाच हात गेला नाही. इकडं फाटकाला टेकलेल्या शेवंताबाई, तिकडं हँडल धरून बसलेले बारा घोडे, आणि मध्ये रेनकोटातून पाणी निथळणारी मी. माझं डोकं असं फिरलं की काय सांगू! सपाट कोबा, तांब्याचा बंब, पडवीच्या खुंट्या, सगळं समोर वीस पावलांवर, आणि आम्ही अडलोय कशावर? लिंबावर! मी जोरात म्हणाले, "अरे, शिकलेली माणसं ना तुम्ही?" यावर एकानं हळूच विचारलं, "काकू, गोठ्यात लिंबू ठेवणाऱ्या तुम्हीच ना?"

संतोष बायकोला हलक्या आवाजात म्हणाला, "बघ. म्हनत हुतो का न्हाई मी?" सुषमानं ताट खाली घेतलं. तिचा चेहरा बघून मला त्या बाराही जणांना, विजयसकट, ओढ्यात ढकलून द्यावंसं वाटलं.

आणि मग कुणी समजूत घातली? मी नाही, विजय नाही. त्यांचाच तर्क त्यांच्या मदतीला आला. सिद्धाराम खूप वेळ शेवंताबाईंकडं बघत होता. मग मान हलवत म्हणाला, "अव्वा बरोबर बोलालीय की. वाटंची दृष्ट लिंबात जाती म्हनूनच तर बांधतो आपन. भरलेलं लिंबू दुसऱ्याच्या दारात न्यायचं म्हंजे पाप हाय." इतका वेळ मी कंठशोष करत होते त्याचा उपयोग शून्य, आणि हे मात्र सगळ्यांना तत्काळ पटलं.

पटलं म्हणजे प्रश्न सुटला असं समजू नका. लिंबं टाकायची कुठं? भरलेलं लिंबू कुठंही टाकून चालत नाही, तीन वाटा मिळतात त्या तिकटीवर टाकायचं आणि मागं वळून बघायचं नाही. तिकटी वाडीच्या टोकाला. बारा पुरुष, हेल्मेट घातलेले, गुडघ्यापर्यंत काळे रेनकोट, एकेका हातात लिंबू-मिरची, ओळीनं पावसातून चालत निघाले. तिकटीवरच्या किराणा दुकानदारानं हे येताना बघितलं आणि धाडकन फळी ओढून दुकान बंद केलं. दुसऱ्या दिवशी आम्हाला बिस्किटं मिळाली नाहीत.

जेवण मात्र सुषमानं असं केलं होतं की सगळे गप्प झाले. नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी, तांदळाची खीर. गाड्या गोठ्यात सरळ ओळीत. पडवीत रेनकोट वाळत घातलेले. पाणी कढत. मी इतकी वर्षं ज्या मुक्कामाची वाट बघत होते तो हा होता, आणि त्यात माझं मन लागत नव्हतं. संतोष पडवीच्या कडेला बसला होता. मी जवळ गेले.

"काय ठरवलंस रे?"

"काय ठरवायचं, काकू? सुषमाच्या हाताला चव हाय, जागा चांगली हाय, सगळं खरं. पर आज फाटकात काय झालं बगितलं ना? आईला ह्ये झेपायचं न्हाई. प्रत्येक गिऱ्हाइकाला ती असंच आडवणार. तिकडं म्हैन्याच्या म्हैन्याला पगार हाय. सकाळी तुमच्यासंगं खाली येतो. एस्टी स्टँडवर सोडा मला. सिद्धाराम भाऊंची मागची सीट मोकळी हाय."

आत सुषमा भांडी घासत होती. मधेच भांड्यांचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. शेवंताबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनीही ऐकलं असणार. मला त्यांचा संताप आला होता. मुलगा जवळ यावा म्हणून सून जिवाचं रान करते, आणि ही बाई एका लिंबापायी त्याला परत पाठवते! पण त्याच वेळी वाटून गेलं की इतकी वर्षं मी घरांचे उतार बघत हिंडले, घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आमचं येणं चालेल का, हे एकदाही विचारलं नाही. या धंद्यात मला खंत वाटते ती एवढ्याच गोष्टीची.

सकाळी धुकं. चहा झाला, पोहे झाले, बॅगा बांधून झाल्या. गाड्या गोठ्यातून अंगणात आल्या, ओळ लागली. आणि कुणी गाडी सुरूच करेना. एकजण चेन बघतोय, एकजण आरसा पुसतोय (सुषमाच्या टॉवेलनं). मला वाटलं काहीतरी बिघडलंय.

"काय झालं?"

शेवटी सिद्धाराम म्हणाला, "लिंबू न्हाय की, काकू."

"अरे, पण तुम्हीच टाकून आलात ना काल!"

"टाकलं ते बरोबरच. पर आता नवीन न्हाय ना. दुकान बंद हाय. घाट लई वाईट हाय, धुकं हाय. मोकळ्या गाडीनं कसं उतरायचं?"

मी पिशवी उघडली. एक लिंबू होतं, तेही येताना मी अर्धं चोखलेलं. मी विजयकडं वळले. निदान याला तरी अक्कल असेल! विजयनं माझी नजर चुकवली आणि चावी खिशात टाकली. संसाराला इतकी वर्षं झाली, याच्या डोक्यात हे आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी मटकन पडवीत बसले. संतोष खांद्याला पिशवी अडकवून सिद्धारामच्या मागे बसला होता. त्यालाही हसू येत होतं आणि तो ते आवरत होता. सुषमा दारात होती. तिचे डोळे सुजले होते. तिला आता कशातच रस नव्हता.

तेवढ्यात शेवंताबाई आतून आल्या. एका हातात निखाऱ्यांचं घमेलं, दुसऱ्या हातात सुपात मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या.

"लिंबाचं काय घिऊन बसलाय," त्या म्हणाल्या. "गप ऱ्हावा. हेल्मेट काढा."

बारा जणांनी शाळेतल्या मुलांसारखी हेल्मेट काढली. शेवंताबाई पहिल्या गाडीपाशी गेल्या. घमेलं खाली ठेवून मुठीत मीठ-मोहरी घेतली, माणसावरून ओवाळली, मग गाडीवरून, दिव्यापासून मागच्या नंबरप्लेटपर्यंत. ओठांत पुटपुटत होत्या, "आल्याची, गेल्याची, वाटंची, घाटाची, घरच्याची, दारच्याची..." मूठ निखाऱ्यावर टाकली. मोहरी तडतडली, मिरचीचा ठसका उठला. डॉक्टरांना शिंका आल्या. पुढची गाडी. मग पुढची. विजयनं तर डोळेच मिटले होते. बाई प्रत्येकाशी बोलत होत्या, "सावकास जा रं," "वळनावर फोन नगं उचलूस," असं. हेच मी दर सहलीत सांगते तेव्हा मंडळी जांभया देतात.

शेवटची गाडी सिद्धारामची. त्याची दृष्ट काढली, गाडीची काढली, मूठ निखाऱ्यात टाकली. मग पुन्हा मूठ भरली आणि मागे बसलेल्या मुलासमोर उभ्या राहिल्या.

"आल्याची, गेल्याची, वाटंची, घाटाची, घरच्याची, दारच्याची..." त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "आयची."

आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. हात गोल फिरत होता. नेहमीच्या फेऱ्या होऊन गेल्या, हात थांबेना. मूठ घट्ट. मीठ बोटांच्या फटीतून सांडत होतं. आता तोंडातून शब्दही नव्हते, नुसता हात फिरत होता. आम्ही सगळे तेरा-चौदा माणसं अंगणात उभे, कुणी हलेना.

"आई, बास की," संतोष म्हणाला.

"गप बस. हू दे."

"आई."

हात फिरतच होता. तेव्हा मला कळलं की या बाईला मुलगा दुरावलाय हे आमच्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. फाटक लावताना तिला फक्त आपलं घर आणि आपली म्हैस राखायची होती. मुलाला कसं राखायचं ते मात्र तिला येत नव्हतं. माझा सगळा राग गळून गेला. मला रडू आलं.

संतोष गाडीवरून उतरला. त्यानं आईचं मनगट धरलं, हळू खाली आणलं आणि तसंच धरून ठेवलं. मग खांद्यावरची पिशवी काढून दाराकडं न बघताच मागं धरली. सुषमा पायऱ्या उतरून धावत आली आणि तिनं ती घेतली.

धुक्यात कुणीतरी गाडी सुरू केली, मग दुसऱ्यानं. सिद्धाराम मात्र तसाच उभा, चेहऱ्यावर खरी काळजी. शेवंताबाईंच्या मिटलेल्या मुठीकडं बोट दाखवून म्हणाला, "अव्वा, ते मीठ निखाऱ्यात टाकायचं ऱ्हायलं की."

शेवंताबाईंनी मूठ उघडून मीठ अंगणातच झटकलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "त्यो कुटं निगालाय आता?"